उंबर कुठल्या साखळीत बसवायचं?

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळी आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. बाईंनी सांगितलं की आपल्या परिसरातली एक साखळी लिहून आणा. आमच्या परसात उंबराचं झाड आहे, म्हणून आम्ही तिथून सुरुवात केली. फळ फोडलं तर आत किडेच किडे. काही पंखवाले, काही बिनपंखाचे, काही मेलेले. किडे झाडाला खातात असं लिहावं, तर झाडाला त्याचं काहीच सोयरसुतक दिसत नाही. ते वर्षातून तीन-चारदा लगडतं. पक्षी येतात ते फळ खायला की किडे खायला? मुलगी विचारते, ''बाबा, यात कोण कोणाला खातं?'' मला सांगता आलं नाही. (एक पालक, संगमेश्वर तालुका)

उत्तर : तुमच्या मुलीने नेमकं असं झाड निवडलंय की पुस्तकातली साखळी तिथे दोन पावलांत अडते. नाकतोडा गवत खातो, बेडूक नाकतोड्याला खातो, हे सरळ आहे, कारण त्यात एकच नातं मोजलेलं असतं. उंबरात खाणं आहेच. पण ज्याला खाल्लं जातं त्याचं नुकसानच होतं असं नाही, आणि जो खातो तो वैरीच असतो असंही नाही. आधी फळाच्या आत जाऊ, मग बाहेर येऊ.

आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो तो मुळात आत वळलेला फुलांचा गुच्छ आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला कुंभासनी पुष्पविन्यास म्हणतात. जाड सालीची पोकळ कुपी, आणि तिच्या आतल्या अंगाला शेकड्यांनी, मोठ्या उंबरात तर हजारांनी बारीक फुलं. बाहेरून एकही दिसत नाही. उंबराचं फूल दिसणं ही आपल्याकडे दुर्मीळ योगाची खूण झाली ती उगीच नाही. वड, पिंपळ, पायर, नांद्रुक, बोखाडा, खरवत आणि बाजारातलं अंजीर या सगळ्यांचा घाट हाच. जगात या गोतावळ्यात साडेसातशेहून जास्त जाती आहेत.

बंद कुपीतल्या फुलांपर्यंत पराग पोचायचे कसे? वारा आत शिरत नाही, मधमाशीला वाट नाही. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक छिद्र असतं, तेही खवल्यांनी गच्च मिटलेलं. त्या वाटेने शिरून फुलांवर पराग घालण्याचं काम करतो तो गांधीलमाशीच्या गणातला, चिलटाएवढा, जेमतेम दोन मिलिमीटरचा एक कीटक. आपल्याकडच्या उंबरात येणाऱ्या या कीटकाचं शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. सोयीसाठी त्याला उंबरमाशी म्हणू. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, बोखाड्याची वेगळी. एका झाडाची एकच माशी, असं पूर्वी ठामपणे लिहिलं जायचं. आता काही झाडांना दोन-तीन जातींच्या माश्याही सापडल्या आहेत. पण वडाची माशी उंबराच्या कामाची नाही, हे एकंदरीत खरंच आहे.

कुपीतली मादीफुलं तयार झाली की झाड एक विशिष्ट वास सोडतं. वासाच्या मागावर मादी येते आणि खवल्यांमधून स्वतःला आत रेटते. या रेटारेटीत तिचे पंख बहुधा तुटतात, मिशांची टोकंही जातात. आत पोचल्यावर ती दोन कामं करते. छातीवरच्या खास खोबणींत भरून आणलेले पराग पायांनी काढून फुलांवर घालते. अंगाला चुकून चिकटलेले कण पडले, असा हा प्रकार नाही. दुसरं काम अंडी घालण्याचं. एका फुलाच्या बीजकोशात एक अंडं. ज्या फुलात अंडं पडलं तिथे गाठ धरते आणि अळी ती गाठ खाऊन वाढते. ज्यात पडलं नाही तिथे बी धरतं. थोडक्यात, काही बिया झाडाने माशीच्या पोरांसाठी सोडल्या आणि बाकीच्या पदरात पाडून घेतल्या. मादी तिथेच मरते.

महिना-दीड महिन्याने नवी पिढी तयार होते. आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात आणि डोळे नावापुरते. माद्या अजून आपापल्या गाठीत असतानाच नर गाठीला भोक पाडून मीलन उरकतात आणि मग कुपीच्या भिंतीतून बोगदा कोरायला लागतात. पिंपळाच्या फळांवर १९७३ साली प्रसिद्ध झालेलं एक सुरेख संशोधन आहे. बंद कुपीत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. नर त्या कोंदट हवेतच चपळ असतात, माद्या मात्र गुंगल्यासारख्या पडून राहतात. बोगदा पडला, बाहेरची हवा आत आली, की माद्या हलू लागतात. एव्हाना नरफुलं पिकलेली असतात. माद्या खोबणींत पराग भरून घेतात आणि नरांनी कोरलेल्या वाटेने उडून जातात. नर आतच संपतात, किंवा बोगद्यातून खाली पडून मुंग्यांच्या तोंडी जातात. तुम्ही पाहिलेले पंखवाले किडे म्हणजे बहुतेक निघायच्या बेतातल्या माद्या, बिनपंखाचे ते नर, आणि मेलेल्यांत एखादी त्यांची आईही असेल.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि पुस्तकांत ती क्वचितच येते. बाहेर पडलेली मादी एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला उंबराचंच झाड, तेही नेमकं फुलं तयार असलेलं, गाठायचं असतं. जन्माचं झाड उपयोगाचं नाही, कारण एका झाडावरचा एक बहर साधारण बरोबरीने पुढे सरकतो. तिथली सगळीच फळं पिकायला आलेली असतात. आता समजा, मुलुखातली सगळी उंबरं आंब्यासारखी एकाच हंगामात मोहरली असती. निघालेल्या माशीला जायला जागाच उरली नसती. माशी संपली असती, आणि तिच्यामागून उंबराचं बी. म्हणून प्रत्येक झाडाचं वेळापत्रक वेगळं. एक पिकत असतं तेव्हा दुसरं फुलत असतं, तिसरं मोकळं उभं असतं. कोणत्याही महिन्यात रानात फिरा, कुठलं तरी उंबर पिकलेलं सापडतं.

आता फळाच्या बाहेर या. सह्याद्रीत करवंदं, तोरणं, आळू, जांभळं हे सगळं पावसाच्या तोंडाशी येतं आणि पावसाबरोबर संपतं. फळांवर जगणाऱ्यांना पुढचे महिने कोण पोसणार? उंबर, वड, पिंपळ, पायर. उंबरमाशीचं आयुष्य दोन दिवसांचं, म्हणून झाडांना वर्षभर आळीपाळीने फळावं लागतं. आणि झाडं आळीपाळीने फळतात, म्हणून भीमाशंकरच्या शेकरूला ओढगस्तीच्या महिन्यांतही काहीतरी मिळतं. शेकरू आणि उंबरमाशी यांची ओळखदेख नाही. तरी एकाचं पोट दुसरीच्या आयुष्याच्या लांबीवर अवलंबून आहे. बाण काढून हे दाखवायचं तर बाण कुठून कुठे काढणार?

पेरू देशाच्या जंगलात काम करणाऱ्या जॉन टेरबर्ग यांनी १९८६ साली हाच मुद्दा मांडला: बाकी फळं आटतात त्या दिवसांत अंजीरवर्गीय झाडं जंगलातल्या माकडा-पक्ष्यांना तगवतात. २००१ साली जगभरच्या नोंदी एकत्र करून झालेल्या मोजणीत ही फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या १,२७४ जाती निघाल्या. दुसऱ्या कुठल्याही फळाचे इतके गिऱ्हाईक नोंदलेले नाहीत. शिवाय या फळांत इतर रानफळांच्या मानाने कॅल्शियम बरंच जास्त असतं, असं १९९८ मध्ये दिसून आलं. अंड्याचं कवच घडवणाऱ्या पक्षिणीला ते किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको. कोकणातल्या धनेशांचं उदाहरण घ्या. मादी झाडाच्या ढोलीत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि एका फटीतून नर तिला भरवत राहतो. तो घशात साठवून आणतो त्या खाऊत अंजीरवर्गीय फळांचा वाटा मोठा असतो.

पक्षी फळ खातात की किडे, याचं उत्तर आता सोपं आहे. फळ पिकेपर्यंत उडणाऱ्या माद्या निघून गेलेल्या असतात. पक्ष्याला मुख्यतः गर मिळतो, त्यात राहिलेसाहिले किडे आलेच. तांबट, कुटुरगा, बुलबुल, मैना, वाघळं, उदमांजर हे गर पचवतात आणि बारीक बिया धडधाकट बाहेर टाकतात. हरियल हा आपला राज्यपक्षी, आणि उंबर-वडावर त्याचे थवेच्या थवे दिसतात, पण हिरव्या कबुतरांची पेषणी दणकट असते आणि तिच्यात बऱ्याच बियांचं पीठ होतं. म्हणजे एकाच फांदीवर बसून तेच फळ खाणाऱ्या दोघांपैकी तांबट झाडाचा वाहक आणि हरियल बराचसा बिया खाणारा. मुलीला हा फरक नक्की सांगा. बाईंनाही आवडेल.

इथवर गोष्ट गोडीगुलाबीची वाटली असेल. तुम्ही फोडलेल्या उंबरात मात्र चोरही होते. पराग न आणता नुसती अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांच्या पाच-सहा जाती एकट्या उंबराच्या झाडावर वावरतात. काहींच्या अळ्या फुलांच्या गाठी खातात, काहींच्या अळ्या उंबरमाशीच्या पिल्लांच्या जिवावर वाढतात. या बहुतेक आत शिरतच नाहीत. फळाच्या सालीवर बसतात आणि शरीरापेक्षाही लांब, केसासारखी अंडनलिका बाहेरून आत घालतात. कच्च्या उंबराची साल चांगली टणक असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा एका माशीच्या अंडनलिकेच्या टोकाला दाते असतात आणि त्या टोकात जस्त साठलेलं असतं. त्या टोकाने ती भोक पाडते. केसाएवढ्या सुईला जस्ताचं पातं! देवालाच ठाऊक ही युक्ती कधीपासून चालत आली असेल. पण या गोतावळ्यातल्या माश्यांचे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म इंग्लंडच्या एका बेटावर सापडले आहेत, आणि त्या आजच्या माश्यांसारख्याच दिसतात.

चोर आला की पहारा आला. उंबराच्या खोडा-फांद्यांवर मुंग्यांची ये-जा असते, त्यात पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्याही असतात. उंबरमाशी छिद्रातून लवकर आत जाते. बाहेरून भोक पाडणारीला सालीवर बराच वेळ एका जागी बसावं लागतं आणि ती मुंग्यांना आयती सापडते. मुंग्या काही झाडाच्या प्रेमाने येत नाहीत. त्या शिकारीला येतात, काही जाती तर झाडाचा रस शोषणारे किडे पाळतात, म्हणजे झाडाचं थोडं नुकसानही करतात. फायदा-तोटा एकाच मुंगीच्या दोन खिशांत.

चोरांचाही उपयोग असतो, हे मात्र मला स्वतःला पचायला वेळ लागला. प्रश्न असा की उंबरमाशी सगळ्याच फुलांत अंडी का घालत नाही? घातली तर झाडाला एकही बी उरणार नाही. एक कारण फुलांच्या लांबीचं: काहींचे कुक्षिवृंत इतके लांब असतात की तिची अंडनलिका बीजकोशापर्यंत पोचत नाही. दुसरं कारण ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवर २००८ साली पुढे आलं. सालीलगतच्या बाहेरच्या थरातल्या फुलांत अंडं घातलं तर ते बाहेरून भोसकणाऱ्या परजीवी माश्यांच्या टप्प्यात येतं. कुपीच्या मध्याकडच्या फुलांतली पिल्लं सुरक्षित राहतात. म्हणून मादी आतल्या थराकडे वळते आणि बाहेरच्या थरातली फुलं बियांसाठी शिल्लक राहतात. शत्रूच्या धाकामुळे दोन मित्रांचा करार टिकतो. आणि झाडही भोळं नाही. पनामात केलेल्या प्रयोगांत पराग न आणणाऱ्या माश्या मुद्दाम आत सोडल्या, तेव्हा काही जातींच्या झाडांनी ती फळं पिकू न देता गाळून टाकली, अंड्यांसकट.

एवढ्यावर संपत नाही. माशीच्या अंगावर बसून सूक्ष्म सूत्रकृमीही कुपीत येतात, तिथे वाढतात आणि पुढची गाडी पकडून दुसऱ्या झाडाकडे जातात. गाडी म्हणजे अर्थातच नवी मादी. नरावर बसलं तर मुक्काम तिथेच. बंगळूरच्याच संशोधकांनी उंबरावर दाखवलं की हे सूत्रकृमी वासावरून नेमकी सुटणारी गाडी ओळखतात.

तर वहीत काय लिहायचं? साखळी लिहू नका. पानाच्या मध्यभागी उंबर काढा. माशी, चोर-माशी, मुंगी, तांबट, हरियल, शेकरू, वाघूळ भोवती मांडा. प्रत्येक जोडीमधल्या रेघेच्या दोन्ही टोकांना अधिक किंवा उणे चिन्ह द्या. काही रेघांना दोन्ही चिन्हं एकाच टोकाला द्यावी लागतील. मार्क कमी मिळाले तर आम्हाला कळवा.

प्रश्न : आमच्या गावाजवळ रस्ता रुंद करताना जुने वड-उंबर तोडले. बदल्यात प्रत्येक झाडामागे दहा रोपं लावणार म्हणतात. मग हिशेब जमतो की नाही?

उत्तर : कागदावर जमतो. रानात जमायला दोन अडचणी आहेत.

एक, अशा झाडांचं वजन त्यांच्या संख्येवरून ठरत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून एका खडकाळ पट्ट्यावरचे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली. बाकी काहीच बदललं नाही. तारामाशांचं खाद्य असलेल्या शिंपल्यांनी हळूहळू सगळा खडक व्यापला आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. अशा जातींना त्याने १९६९ मध्ये जे नाव दिलं त्याला आपण कळीची जात म्हणू शकतो. खडकावर तारामासे मोजके होते, पण बाकीच्यांची जागा त्यांच्यामुळे टिकून होती. वड-उंबरांचं तसंच आहे. शंभर वर्षांचा वड एका बहरात जेवढं अन्न देतो तेवढं द्यायला दहा रोपांना काही दशकं लागतील, आणि धनेशाला, पिंगळ्याला लागणारी ढोली तर रोपात नसतेच. मधल्या दशकांत खाणाऱ्यांनी काय करायचं, याचं कलम निविदेत नसतं.

दोन, माशीचा हिशेब वेगळा आहे. दोन दिवसांच्या जिवाला सतत कुठलं तरी झाड योग्य अवस्थेत मिळायला हवं, आणि त्यासाठी मुलुखात पुरेशी झाडं हवीत. संगणकावर मांडलेल्या गणितांत हा आकडा डझनांनी येतो. बोर्निओतल्या लांबीर हिल्स या जंगलात १९९८ च्या एल निनोच्या दुष्काळात काही अंजीरवर्गीय झाडांचा बहर खंडला. खंड काही आठवड्यांचाच होता, पण माश्या त्या भागातून नाहीशा झाल्या, आणि झाडं पुन्हा फुलली तेव्हा पराग आणायला कोणी नव्हतं.

दिलासा देणारी बाजूही आहे. माशी इवली असली तरी वाऱ्यावर स्वार होते. नामिबियाच्या वाळवंटात नदीकाठच्या उंबरवर्गीय झाडांच्या बियांची जनुकं तपासून २००९ मध्ये दाखवलं गेलं की तिथल्या माश्या १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतात. म्हणजे तुमच्या गावचा तुटलेला वड शेजारच्या तालुक्यातल्या वडांशी जोडलेला होता. पुढे एखादा तोडायचाच असेल तर निदान फांद्या छाटून, मुळांसकट हलवून दुसरीकडे लावता येतो का, ते पाहा. वड-पिंपळाची जात चिवट. नीट केलं तर पुष्कळदा जगते.

प्रश्न : कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय वड-पिंपळाचं बी रुजत नाही, आणि भाद्रपदात कावळ्यांना पिल्लं असतात म्हणून पूर्वजांनी श्राद्धात काकबळी ठेवला, असा संदेश दर पितृपक्षात येतो. यात तथ्य किती?

उत्तर : पितृपक्ष आला की हा संदेश येतो, कावळे यायचे तेव्हा येतात.

वड-पिंपळाचं बी कावळ्यावाचून रुजतं. रोपवाटिकेत पिकलेली फळं चोळून, धुऊन, बिया ओलसर मातीवर पसरल्या तर उगवतात. पोटातून जाण्याचा फायदा आहे: गर निघून जातो, बी मूळ झाडापासून दूर पडतं, आणि विष्ठेबरोबर थोडं खतही मिळतं. पण हे काम बुलबुल, मैना, तांबट, धनेश, वाघळं असे कितीतरी जण करतात. किल्ल्याच्या तटात, विहिरीच्या कड्यात, मंदिराच्या कळसावर पिंपळ उगवलेला दिसतो तो यांच्यापैकी कोणाचाही प्रताप असू शकतो. कावळाही त्यांत असतो, एकटा नसतो.

भाद्रपदाचंही जुळत नाही. आपल्याकडे गावकावळ्यांची वीण मुख्यतः उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला होते. पुरावा रोज कानावर पडतो: कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, आणि कोकीळ गळा काढून ओरडतो तो चैत्र-वैशाखापासून. भाद्रपदापर्यंत बहुतेक पिल्लं उडती झालेली असतात. कावळा-कोकिळा हे नातं संदेशातल्या नात्याहून कितीतरी चुरशीचं आहे, पण ते कोणी पुढे पाठवत नाही.

काकबळी ठेवायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. त्याला वनस्पतिशास्त्राचा टेकू लावायची गरज मला वाटत नाही.

याच निमित्ताने एक जोडप्रश्न काही वाचकांनी विचारला आहे: ताडावर उगवलेला वड ताडाला गळफास लावून मारतो का? वडाचं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, मुळं खाली सोडतं आणि ती जाड होऊन खोडाला विळखा घालतात. साधं झाड जसजसं जाड होत जातं तसतसं ते या विळख्यात आवळलं जातं. ताड-माडाचं खोड मात्र वयाबरोबर तसं जाड होत नाही, त्यामुळे त्याला फास लागत नाही. तो मरतो तो बहुधा वडाने डोक्यावर छत्री धरून ऊन तोडल्यामुळे, आणि त्यातही बरीच वर्षं काढतो.

प्रश्न : म्हणजे अंजीर खाताना आपण किडा खातो का? घरात सगळे शाकाहारी आहेत.

उत्तर : पुरंदर तालुक्यातलं, म्हणजे बाजारात 'पुण्याचं अंजीर' म्हणून मिळणारं, निश्चिंत खा. ही जात परागाशिवायच फळते, तिला माशी लागतच नाही. दाताखाली जे कुरकुरतं ते बी.

सुक्या अंजिरांत तुर्कस्तानकडच्या स्मर्ना जातीची अंजिरं असतात, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना माशीने आणलेले पराग लागतात. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या जातीची झाडं लावली, ती वाढली, पण फळं पिकण्याआधीच गळत. शेवटी १८९९ साली माशी तिथे नेऊन रुजवली तेव्हा बागा धरल्या. या जातीच्या मादीझाडाच्या अंजिरात शिरलेल्या माशीला अंडं घालताच येत नाही. ती पराग टाकून आतच मरते, आणि फळातली पाचक विकरं तिचं मऊ अंग विरघळवून टाकतात. उरतं ते डोळ्याला दिसण्याइतकंही नसतं. जैन आचारात उंबर, वड, पिंपळ धरून अशी पाच फळं वर्ज्य सांगितली आहेत, त्यामागे फळात जीव असतात ही निरीक्षणातून आलेली जाणीव आहे. सुक्या अंजिराचं काय करायचं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवा.

रानातलं उंबर खाणार असाल तर मात्र सकाळी, ताजं पडलेलं, फोडून आणि झटकून खा. माद्यांनी सोडलेल्या बोगद्यातून नंतर मुंग्या शिरतात, भुंगे शिरतात, फळमाश्यांच्या अळ्या होतात. उंबरमाशी निरुपद्रवी आहे, पण दुपारपर्यंत घरात बिऱ्हाडं वाढलेली असतात.